लॅटरल टेस्ट ‘पास’ आहे म्हणतात, पण पाइलबाहेरची माती तशीच ठेवून

ढाढरकाठ

नमस्कार. मी बडोद्याचीच. डभोईच्या पुढे ढाढरला मिळणाऱ्या एका कोतरावर छोट्या पुलाचं काम चालू आहे, तिथे साइट इंजिनिअर आहे. या फोरमवर पाइलमध्ये, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांच्या कामात, आयुष्य घातलेली मंडळी आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

१००० मि.मी. व्यासाचे बोअर्ड (भोक पाडून जागेवर ओतलेले) पाइल, कट-ऑफच्या (जिथे पाइल संपून वरची कॅप सुरू होते त्या पातळीच्या) खाली २० मीटर, काँक्रीट एम ३५ प्रतीचं. प्रत्येक पिअरखाली (पुलाच्या खांबाखाली) एका काँक्रीटच्या कॅपने जोडायचे चार पाइल, केंद्रापासून केंद्रापर्यंत ३ मीटर. डिझाइनमध्ये एका पाइलवर आडवा लोड ८ टन धरला आहे. पायलिंगचा प्लॅटफॉर्म कट-ऑफपेक्षा दीड मीटर वर आहे: वरती मुरूम भरून रोलर मारलेला, त्याखाली काळी माती. कट-ऑफपासून खाली गाळमिश्रित रेती, बोअरलॉगमध्ये (मातीच्या तपासणीच्या नोंदीत) एन, म्हणजे माती किती घट्ट ते सांगणारा आकडा, १२ ते १८.

मे महिन्याच्या शेवटी रूटीन लॅटरल टेस्ट (पाइलला आडवं ढकलून तो किती सरकतो ते मोजणं) झाली. एकाच कॅपखालच्या दोन पाइलच्या मध्ये कट-ऑफपर्यंत खड्डा खणला, त्यात जॅक आडवा बसवला आणि दोघांना एकमेकांपासून दूर ढकललं. ८ टनाला काठाकडचा पाइल २.१ मि.मी. सरकला, पात्राकडचा ३.६. रिपोर्टमध्ये सरासरी २.८५ मि.मी. लिहून ‘५ मि.मी.च्या आत, सबब समाधानकारक’ असा शेरा आहे. जॅक व्हर्टिकल (उभ्या वजनाच्या) टेस्टचाच, २०० टनी होता.

सही मला करायची आहे आणि हात उचलत नाहीये. दोन सारख्या पाइलमध्ये एवढा फरक का? सरासरी चालते का? आणि डिझाइनमध्ये स्कावर (पुरात माती खरवडून वाहून जाणं) कट-ऑफच्या खाली ४ मीटरपर्यंत धरला आहे. मग ही टेस्ट मला नेमकं काय सांगते? सीनिअरना विचारलं तर म्हणाले, रिपोर्ट आला ना, पुढचं बघ.

टेंडरवाला

ताई, आय.एस. २९११ (पाइलचा भारतीय कोड) भाग ४ मध्ये ५ मि.मी. लिहिलंय, तुमचे दोन्ही पाइल त्याच्या आत आहेत. सरासरी काढा नाहीतर काढू नका, दोन्ही पासच. शिवाय टेस्टमध्ये पाइलचं डोकं मोकळं असतं. उद्या वर कॅप बसली की डोकं जखडलं जाईल आणि सरकणं आणखी कमी होईल. म्हणजे टेस्ट मुळातच कडक आहे. पावसाळा तोंडावर आलाय, सही करून कॅपचं काम सुरू करा.

करेलीबागकर

ताई, सही केली नाहीत हे फार चांगलं केलंत. मी निवृत्त होईपर्यंत पाइल टेस्टिंगच केलं, गुजरातेत आणि थोडं माळव्यात. तुमच्या प्रश्नात जे लिहिलंय तेवढ्यावरूनच बरंच काही दिसतं.

सरासरीचं आधी संपवतो. सरासरी चालत नाही. मध्ये एक जॅक ठेवून दोन पाइल ढकलता तेव्हा त्या दोन स्वतंत्र टेस्ट असतात. लोड दोघांवर सारखा, पण सरकणं ज्याचं त्याचं. नदी सरासरी पाइलवर आदळत नाही. रिपोर्टमध्ये दोन पाइलचे दोन आलेख वेगवेगळे हवेत. तसे नसतील तर रिपोर्ट परत पाठवा, एवढ्या एका कारणासाठीही परत पाठवता येतो.

आता खरी गोष्ट. जॅक दोघांना बाहेर ढकलतो, तेव्हा पाइलला अडवते ती बाहेरच्या बाजूची माती. तुम्ही माती काढली ती आतल्या बाजूची, जिचा विरोधाशी फारसा संबंधच नाही. बाहेरच्या बाजूला कट-ऑफच्या वर दीड मीटर मुरूम आणि काळी माती पाइलला तशीच टेकून उभी होती. कागदावर सगळं बरोबर दिसतं: जॅक कट-ऑफला, डायल गेज (सरकणं मोजणारं काट्याचं यंत्र) कट-ऑफला, खड्ड्याचा फोटोही छान येतो. आणि मापलं गेलं ते रोलर मारलेल्या मुरमाचं बळ. तो मुरूम उद्या कॅपसाठी तुम्हीच खणून फेकणार आहात.

त्यातून मे महिना. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात दगडासारखी होते, पहार मारली तर ठिणगी उडेल अशी. तीच श्रावणात बोटाने दाबली तर दबते. तुमच्या पाइलला त्या दिवशी तिच्या वर्षभरातल्या सगळ्यात कडक रूपाचा आधार मिळाला.

हे नुसतं बोलणं नको म्हणून हिशेब करून दाखवतो. आय.एस. २९११ च्या भाग १, विभाग २ मध्ये परिशिष्टात पद्धत दिली आहे. एम ३५ चा ई (काँक्रीटचा ताठपणा) साधारण २९,६०० मेगापास्कल, एक मीटर व्यासाचा आय (गोल छेदाचा वाकण्याला विरोध) ०.०४९, म्हणजे ईआय झाला सुमारे १४.५ लाख किलोन्यूटन-मीटर वर्ग. एन १२ ते १८ म्हणजे मध्यम घट्ट रेती. कोडच्या तक्त्यात तिचा इटा-एच (खोलीबरोबर मातीचा आडवा विरोध किती वाढतो तो आकडा) कोरड्यात २,५०० ते ७,५०० आणि पाण्याखाली १,४०० ते ५,००० किलोन्यूटन प्रति घनमीटर. मधला ३,००० धरू. ईआय भागिले इटा-एच, त्याचं पाचवं मूळ म्हणजे टी, पाइल मातीच्या मानाने किती ताठ ते दाखवणारी लांबी. तो येतो ३.४ मीटर. डोकं मोकळं, लोड जमिनीलगत, ८ टन: सरकणं येतं ५ मि.मी.च्या थोडं वर.

तुमचा काठाकडचा पाइल सरकला २.१. अडीचपट कमी. सरकणं हे इटा-एचच्या तीन-पंचमांश घाताने बदलतं, म्हणून उलटा हिशेब केला तर २.१ साठी इटा-एच चौदा हजारांच्या आसपास लागतो. कोडच्या तक्त्यात हा आकडा कोरड्या, घट्ट रेतीच्या रांगेत बसतो, जिथे एन ३५ च्या वर असतो. तुमच्या बोअरलॉगमध्ये तशी रेती नाही. मग तो जास्तीचा आधार आला कुठून? वरच्या दीड मीटरमधून.

हा घात लक्षात ठेवा, फार उपयोगी आहे. सरकणं मोजताना दहा टक्के चूक झाली तर मातीच्या आकड्यात सतरा-अठरा टक्के चूक होते. सरकणं निम्मं दिसलं तर माती तिपटीहून जास्त चांगली असल्याचा भास होतो. म्हणून लॅटरल टेस्टमध्ये मोजमापाला व्हर्टिकलपेक्षा जास्त जपावं लागतं, आणि साइटवर नेमकं उलटं होतं. व्हर्टिकलला केंटलेज (वजनाचा ढीग) रचतात, दोन दिवस माणसं बसतात, सगळे बघायला येतात. लॅटरल दुपारच्या जेवणाआधी उरकतात.

जॅकबद्दल तुम्ही सहज लिहिलंत, पण मला तेच जास्त खटकलं. २०० टनी जॅक ७०० किलो प्रति वर्ग सें.मी.चा असेल तर त्याच्या रॅमचं क्षेत्रफळ साधारण २८५ वर्ग सें.मी. मग ८ टन म्हणजे गेजवर फक्त २८. त्या गेजवर बहुतेक एक रेघ १० ची असते. म्हणजे एक रेघ पावणेतीन टनांहून थोडी जास्तच! कोडप्रमाणे सुरक्षित लोडच्या २० टक्क्यांच्या पायरीने चढायचं, म्हणजे तुमची पायरी १.६ टनाची. पायरी रेघेपेक्षा लहान. पंप मारणाऱ्याने काटा ‘अंदाजे मध्ये’ ठेवला असणार, दुसरा उपायच नाही. त्यावर रॅमच्या सीलचं घर्षण वेगळं. मोठ्या जॅकला कमी दाबावर ते आणखी नडतं. खरे ६ टन लागले की ९, हे त्या गेजवरून सांगता येणार नाही. ५० टनी जॅक घ्या, त्याची एक रेघ पाऊण टनाच्या आत येते. आणि जॅक व पाइलच्या मध्ये लोड सेल बसवा. आता बडोद्यात आणि अंकलेश्वरला भाड्याने सहज मिळतो.

मला दोन गोष्टी सांगा. पात्राकडच्या पाइलपासून प्लॅटफॉर्मची कड किती लांब आहे? आणि डायल गेजची डेटम पट्टी (जिच्यापासून सरकणं मोजतात ती स्थिर पट्टी) कशावर टेकवली होती?

ढाढरकाठ

काका, मनापासून आभार. बाहेरच्या मातीचा मुद्दा वाचून मी फोटो पुन्हा काढून बघितले. अगदी तसंच आहे. खड्डा फक्त मध्ये.

पात्राकडच्या पाइलच्या बाहेरच्या तोंडापासून दोन मीटरवर प्लॅटफॉर्म संपतो आणि उतार सुरू होतो. डेटम म्हणून अँगल होता, त्याचं एक टोक खड्ड्यातच वाळूच्या पोत्यावर आणि दुसरं खड्ड्याच्या काठावर. टेस्ट सकाळी अकराला सुरू झाली, वर काही झाकलेलं नव्हतं. गेजवर रेघ १० चीच आहे, मी आज जाऊन बघितली.

करेलीबागकर

मग दोन पाइलमधल्या फरकाचं उत्तर तुम्हीच दिलंत. पात्राकडच्या पाइलच्या पुढे माती दोन मीटरवर संपते. पाइलपुढची माती पाचरीसारखी वर उचलली जाते, तिला पुढे जागा लागते. उतार आला की पाचर अपुरी राहते. ३.६ हा आकडा जास्त बोलका आहे, कारण त्याच्या पुढचा भराव कमी होता. तरीही तो पूर्ण खरा नाही.

डेटमचं मात्र मनावर घ्या. दोन मीटरच्या खड्ड्यात, ढकलल्या जाणाऱ्या दोन पाइलच्या मध्ये पोत्यावर टेकवलेली पट्टी स्थिर नसते. पाइलमागची मातीही थोडी हलते, खड्ड्यात माणूस उतरला की पोतं दबतं. आम्ही डेटमचे आधार पाइलपासून निदान तीन व्यास लांब, टेस्टच्या रेषेला काटकोनात, जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांवर ठेवायचो. आणि ऊन! मे महिन्यात अकरा ते दोनच्या मध्ये तीन मीटरच्या उघड्या अँगलचं तापमान सहज २० अंशांनी चढतं. लोखंड दर मीटर, दर अंशाला ०.०१२ मि.मी. वाढतं. तीन मीटरला २० अंश म्हणजे ०.७ मि.मी. तुम्ही मोजताय २.१. ताडपत्री बांधा, सकाळी सहाला सुरू करा, आणि लोड लावण्याआधी अर्धा तास नुसतं डायल बघत बसा. काटा आपोआप फिरत असेल तर आधी ते थांबवायचं.

कलाभवन_स्ट्रक्चर

मी एम.एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकवतो. करेलीबागकरांच्या हिशेबाला दुजोरा. आडव्या लोडसाठीच्या मॅटलॉक-रीस गुणांकांनी मी पुन्हा तपासलं, तेवढंच येतं.

टेंडरवाला म्हणतात तो मुद्दा अर्धा बरोबर आहे. मोकळ्या डोक्याच्या पाइलपेक्षा जखडलेल्या डोक्याचा पाइल त्याच लोडला सुमारे अडीच पट कमी सरकतो: गुणांक २.४३५ विरुद्ध ०.९३. पण चार पाइल एका कॅपखाली गेले की पुढच्या रांगेच्या सावलीत मागची रांग येते. पुढचे पाइल सरकताना मागच्यांच्या समोरची माती सैल करतात. ३ व्यासाच्या अंतरावर आश्टोच्या (अमेरिकेतल्या पुलांच्या) कोडमध्ये पहिल्या रांगेला ०.८, दुसऱ्या रांगेला ०.४ असे मातीच्या विरोधाचे गुणक आहेत. तुमच्या दोन पाइलच्या टेस्टमध्ये हे दिसूच शकत नाही, कारण तुम्ही त्यांना एकमेकांपासून दूर ढकललं. कोणी कोणाच्या सावलीत नव्हतं.

एक विनंती. पुढच्या पिअरच्या एका पाइलच्या केजला (सळ्यांच्या सांगाड्याला) इनक्लिनोमीटरचा (कल मोजणाऱ्या यंत्राचा) केसिंग पाइप बांधून टाका. खर्च फार नाही. डायल गेज फक्त डोक्याचं सांगतं. इनक्लिनोमीटर पाइल खोलीप्रमाणे कसा वाकला ते सांगतं, आणि त्यावरून माती कुठल्या थरात किती विरोध करते ते काढता येतं. टेक्सासच्या मस्टँग आयलंडवर २४ इंची लोखंडी पाइलना आत जागोजाग गेज लावून ढकललं होतं. त्याच कामातून रीस, कॉक्स आणि कूप यांनी १९७४ मध्ये रेतीसाठीचे पी-वाय वक्र (पाइल किती सरकला की माती किती विरोध करते ते दाखवणारे आलेख) मांडले, आणि जगभरची सॉफ्टवेअरं आजही ते वापरतात. अशी टेस्ट आपल्या महीच्या, ढाढरच्या गाळात कोणी नीट करून ठेवली तर माझे विद्यार्थी दुवा देतील.

टेंडरवाला

सर, अडीच पट तर तुम्हीही मानता. मग मोकळ्या डोक्याला ५ मि.मी. आलं तरी जखडल्यावर ते २ होणार. ताईंचा पाइल वाईटात वाईट धरला तरी पास होतो. पुन्हा टेस्टचा आग्रह कशाला? मशीन, माणसं, दिवस, सगळ्याचे पैसे लागतात.

करेलीबागकर

पैसे लागतात हे खरं आहे, आणि तुमचं म्हणणं मी टाळत नाही. ताईंनी विचारलेल्या स्कावरच्या प्रश्नातच त्याचं उत्तर आहे.

आडव्या लोडला विरोध करते ती वरच्या काही मीटरमधली माती. एक मीटरच्या पाइलला साधारण वरचे पाच-सहा मीटर. त्याखालचा पाइल जवळजवळ हलतच नाही. आणि पूर घेऊन जातो ती नेमकी हीच माती. लेसीच्या सूत्राने सरासरी स्कावर काढायचा आणि पिअरपाशी त्याची दुप्पट धरायची, असं आय.आर.सी. ७८ (पुलाच्या पायांचा भारतीय कोड) सांगतं. ताईंच्या पुलाला त्यातून कट-ऑफच्या खाली ४ मीटर आले आहेत. म्हणजे आज ज्या मातीने डायल गेजचा काटा अडवून धरला, ती पुराच्या दिवशी तिथे नसणार. पाइलचे चार मीटर पाण्यात उघडे असतील.

तोच हिशेब पुढे नेतो. इटा-एच ३,००० च, लोड ८ टनच. डोकं मोकळं, स्कावर नाही: ५ मि.मी.च्या थोडं वर. डोकं मोकळं आणि ४ मीटर स्कावर: २० मि.मी. डोकं जखडलेलं, स्कावर नाही: २ मि.मी. इथपर्यंत तुमचं बरोबर. डोकं जखडलेलं आणि ४ मीटर स्कावर: ६ मि.मी. कॅपने दिलेलं सगळं स्कावरने परत नेलं, वर थोडं जास्तच. आणि यात सरांनी सांगितलेली रांगांची सावली अजून धरलेली नाही. दोन-दोन पाइलची लहान कॅप पूर्ण जखडत नाही, थोडी फिरतेच, तेही धरलेलं नाही.

म्हणून मोकळ्या डोक्याच्या टेस्टमधला ५ मि.मी. म्हणजे भरपूर शिल्लक पडलेली जागा नव्हे. पुलाच्या बाबतीत ती जागा पूर खाऊन टाकतो. इमारतीच्या पाइलला तुमचा युक्तिवाद मी मान्य केला असता.

कोडमधलं वाक्यही पूर्ण वाचा. सुरक्षित आडवा लोड म्हणजे १२ मि.मी. सरकण्याला लागलेल्या अंतिम लोडचा अर्धा, ५ मि.मी. सरकण्याला लागलेला लोड, आणि कामाच्या गरजेनुसार दुसरी काही मर्यादा ठरवली असेल तर तिला लागलेला लोड. या तिघांतला सर्वांत कमी. पूल करणाऱ्याने ती तिसरी मर्यादा स्वतः विचार करून लिहायला हवी. बेअरिंग किती सहन करेल, एक्सपान्शन जॉइंटची फट किती, यावर ती ठरते. माझ्या पाहण्यात बहुतेक टेंडरांत ती जागा रिकामी असते.

आडवा लोड ही कागदी गोष्ट नाही हे आपल्या भागाला तरी सांगावं लागू नये. भरूचला नर्मदेवर बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचा पहिला पूल लोखंडी स्क्रू-पाइलवर (स्क्रूसारखे फिरवून बसवलेल्या खांबांवर) उभा होता. बारीक खांब, आणि नर्मदेचे पूर. पुरांनी तो पुन्हा पुन्हा तोडला, शेवटी १८७७ मध्ये नव्या पुलाचं काम काढलं आणि १८८१ ला तो खुला झाला, तोच आपला गोल्डन ब्रिज. उभं वजन पेलायला ते स्क्रू-पाइल कमी पडत नव्हते, गाड्या जात होत्याच. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री घराघरात शिरली तेव्हा पाण्याबरोबर काय काय वाहत होतं ते बडोदेकरांनी पाहिलंय. आय.आर.सी. ६ (पुलांवरच्या लोडचा कोड) प्रमाणे पाण्याचा दाब ५२ गुणिले के गुणिले वेगाचा वर्ग, गोल खांबाला के ०.६६. सरासरी वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर पृष्ठभागाजवळ वेगाचा वर्ग दुप्पट धरायचा, म्हणजे दर चौरस मीटरला ६०० किलोच्या वर. पिअरला अडकलेलं बाभळीचं झाड, गवताचा भारा, यांनी रुंदी वाढते आणि त्याबरोबर लोडही.

ताई, पुन्हा टेस्ट करा. तेच पाइल चालतील, ८ टनाला त्यांना काही झालेलं नाही. तडा जाण्याचा मोमेंट (वाकवणारा जोर) ४०० किलोन्यूटन-मीटरच्या आसपास आहे आणि ८ टनाला मोकळ्या डोक्याने फार तर २१० येतो. बाहेरच्या दोन्ही बाजूंची माती कट-ऑफपर्यंत काढा, पाइलच्या तोंडापासून निदान चार-पाच मीटर लांबपर्यंत. कट-ऑफच्या खाली मात्र कुदळही लागू देऊ नका, एक बोटही जास्त खणू नका. बकेटने उकरून पुन्हा भरलेली रेती ही मूळची रेती राहत नाही; शेवटचा हातभर थर माणसांकडून काढून घ्या. जॅकसमोर पाइलचं तोंड गोल आहे, तिथे सपाट पॅकिंग घट्ट ग्राउटने (सिमेंटच्या मसाल्याने) करा आणि ते पूर्ण पिकू द्या. जॅकच्या एका बाजूला बोल्स्टर (टेकू), दुसऱ्या बाजूला गोलाकार सीटिंग, म्हणजे पाइल फिरला तरी जॅक तिरका होणार नाही. सरकण्याचा वेग अर्ध्या तासाला ०.१ मि.मी.च्या जवळ आल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

ढाढरकाठ

सगळ्यांचे आभार, आणि थोडा उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. क्लायंटच्या इंजिनिअरसमोर हा हिशेब ठेवला. त्यांनी पहिल्या पानावरच पुन्हा टेस्टला मान्यता दिली, बाहेरच्या मातीचा फोटो पुरेसा झाला. काल पहाटे टेस्ट केली: दोन्ही बाजू कट-ऑफपर्यंत मोकळ्या, ५० टनी जॅक, लोड सेल, ताडपत्री, डेटम काटकोनात खुंट्यांवर. पंपवाल्याने सुरुवातीला कुरकुर केली, पण लोड सेलचा आकडा आणि गेजचा आकडा शेजारी शेजारी लिहायला लागल्यावर तोच जास्त रमला.

८ टनाला काठाकडचा ४.३, पात्राकडचा ५.६ मि.मी. लोड उतरवल्यावर दोन्ही बरेचसे परत आले. म्हणजे एक पाइल ५ मि.मी.च्या बाहेर गेला. आता साइटवर वातावरण तंग आहे. सीनिअर म्हणतात, तूच ओढवून घेतलंस. हा पाइल बाद का?

करेलीबागकर

अगं, बाद नाही! हा तर या सगळ्या प्रकरणातला पहिला खरा आकडा आहे.

५.६ साठी उलटा हिशेब केला तर इटा-एच २,८०० येतो, ४.३ साठी ४,३०० च्या जवळ. दोन्ही एन १२ ते १८ च्या मध्यम रेतीत बसतात. बोअरलॉग, तक्ता आणि टेस्ट पहिल्यांदा एका सुरात बोलताहेत. मागच्या वेळी चौदा हजार आले होते, आठवतं ना? त्यावर कोणी डिझाइन तपासलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करून मला आजही धास्ती वाटते.

आता हा आकडा डिझायनरकडे गेला पाहिजे, आणि त्यांना एक गोष्ट स्पष्ट लिहून द्या: टेस्ट मे-जूनमध्ये, भूजल खाली असताना झाली आहे. पुरात ही रेती पाण्याखाली असेल आणि कोडच्या तक्त्याप्रमाणे मध्यम रेतीचा आकडा कोरड्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांशावर येतो. २,८०० चे १,६०० धरून मी इथेच करून पाहिलं. टी होतो ३.९ मीटर. डोकं जखडलेलं, स्कावर ४ मीटर, लोड ८ टन: ८ मि.मी.च्या जवळ.

आणखी एक गोष्ट यातून निघते, ती कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. पाइल ‘लांब’ धरायला मातीतली लांबी ४ टी पेक्षा जास्त हवी. ४ गुणिले ३.९ म्हणजे १५.६ मीटर. तुमचा पाइल २० मीटर, त्यातले ४ स्कावरने उघडे पडले, उरले १६. काठावर पास. स्कावर अर्धा मीटर जास्त झाला, किंवा मागच्या रांगेचा गुणक लावला, तर तो लांब पाइल राहत नाही आणि कोडचं हे सूत्रच लागू होत नाही. डिझायनरला पी-वाय वक्र घेऊन चारही पाइल आणि कॅप एकत्र तपासायला सांगा: स्कावरसह, पाण्याखालच्या मातीसह. कॅप अजून ओतलेली नाही, म्हणून आज दोन पाइल वाढवणं किंवा पिअरभोवती दगडी पिचिंग आणि ॲप्रन (माती वाहू नये म्हणून दगडांचं आवरण) देणं हातात आहे. सीनिअरना हेच सांगा: कॅप झाल्यावर हा आकडा कळला असता तर यातलं काहीच करता आलं नसतं.

डिझायनरचं उत्तर आलं की इथे टाका. आणि सरांनी सांगितलेला इनक्लिनोमीटरचा पाइप पुढच्या पिअरच्या केजला आजच बांधायला लावा, केज बोअरमध्ये उतरली की ती संधी गेली.

कलाभवन_स्ट्रक्चर

पाइपच्या जोडांना टेप गुंडाळा, खालचं टोक बंद करा आणि खाचांची एक जोडी लोडच्या दिशेत ठेवा. ओतण्याआधी पाइपमध्ये पाणी भरा, नाहीतर तो काँक्रीटवर तरंगून केज सोडतो. पहिलं रीडिंग टेस्टच्या आधी दोनदा घ्या. कोणी नसेल तर मला कळवा, आमच्याकडची मुलं प्रोब घेऊन येतील.